ची शिकायची तर गुरू कशासाठी?

शंकर नगरच्या बी.टी.आय. मैदानावर सकाळी फिरणारी मंडळी हल्ली गुडघ्यांइतकीच 'एनर्जी'बद्दल बोलतात. कुणाच्या मुलीनं बंगळुरूत चीगाँगचा कोर्स केलेला असतो, कुणी पुण्याला बहिणीकडे गेला असताना दोन दिवसांचं शिबिर उरकून आलेला असतो. मग प्रश्न निघतो, तोही आम्हा रायपूरकरांच्या मराठी-हिंदी मिसळीतला: "अरे, इतके पैसे भरून गुरूकडून शिकण्यात काही मतलब आहे का? मोबाईलवर तर फुकट आहे."

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याची जी उत्तरं मैदानावर मिळतात, त्यांतली निम्मी तरी गैरसमजांवर उभी असतात, विकणाऱ्यांच्याही आणि हसणाऱ्यांच्याही.

चीगाँग म्हणजे संथ हालचाल, श्वास आणि लक्ष यांचा मेळ घालणारे चिनी व्यायामप्रकार. त्यामागे शरीरातून 'ची' नावाची प्राणासारखी शक्ती वाहते ही कल्पना आहे. ताओ पंथानं तिच्यावर एक अख्खी अंतर्साधना उभी केली, तिला नेइदान म्हणतात. बाजारात या दोन्हींची सरमिसळ करून विकतात, आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते.

"हे मूळचं आपलंच. बोधिधर्मानं तिकडे नेलं."

हे वाक्य ऐकायला फार गोड लागतं. आधार आहे 'यीजिनजिंग' नावाच्या व्यायामग्रंथाचा. तो बोधिधर्म या भारतातून गेलेल्या बौद्ध भिक्षूनं शाओलिनच्या भिक्षूंना दिला असं सांगतात. ग्रंथाला इसवी सन ६२८ची प्रस्तावनाही जोडलेली आहे. पण ग्रंथ मुळात १६२४च्या सुमाराचा, आणि प्रस्तावना नंतर रचलेली. तांग हाओ या चिनी इतिहासकारानं विसाव्या शतकात ही बनवाबनवी उघडी पाडली. शिवाय १९७३ मध्ये चांगशा शहराजवळ मावांगदुई इथल्या थडग्यात रेशमावर काढलेलं एक चित्र सापडलं. थडगं बंद झालं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये. चित्रात चव्वेचाळीस माणसं, पुरुष आणि बायका दोन्ही, ताण देताना, वाकताना, हात पसरताना दिसतात. बोधिधर्माचा जन्म व्हायला तेव्हा सहाएकशे वर्षं तरी अवकाश होता.

म्हणजे देवाणघेवाण झालीच नाही असं मात्र नाही. आपल्या छत्तीसगडचाच दाखला घ्या. सातव्या शतकात ह्युएन त्सांग हा चिनी बौद्ध यात्रेकरू दक्षिण कोसलात आला होता. त्या राज्याची राजधानी म्हणजे महासमुंद जिल्ह्यातलं सिरपूर, असं बरेच अभ्यासक मानतात. शंकर नगरातून गाडी काढली तर दोन तासांच्या आत पोचता. त्या कोसलाच्या वर्णनात ह्युएन त्सांग नागार्जुनाची गोष्ट सांगतो: नागार्जुनाला दीर्घायुष्याचं रसायन माहीत होतं, ते त्यानं राजालाही दिलं होतं, त्यामुळे राजा काही केल्या मरेना आणि युवराजाला गादी मिळेना. पुढे हाच ह्युएन त्सांग चीनला परतल्यावर तांग दरबारानं त्याच्यावर 'ताओ ते चिंग'चं संस्कृत भाषांतर करण्याची कामगिरी सोपवली.

त्याच दरबारातली पुढची गोष्ट मला जास्त आवडते. ६४८ मध्ये वांग श्वानत्से हा चिनी वकील भारतातून एका नारायणस्वामीला बरोबर घेऊन गेला. हे स्वामी स्वतःचं वय दोनशे वर्षं सांगत आणि अमरत्वाचं औषध करून देतो म्हणत. सम्राट ताइझोंगनं त्यांना राजवाड्यात ठेवून घेतलं, दुर्मीळ वनस्पती आणि खनिजं गोळा करायला माणसं धाडली. औषध तयार झालं, गुण काही आला नाही. ६४९ मध्ये सम्राट वारला आणि पुढे दरबारात त्या औषधालाच दोष देणारेही निघाले. तेव्हा दीर्घायुष्य विकणारे गुरू आपण चीनकडून आयात करतो असं कुणी म्हणालं, तर हिशेब पूर्वीचा आहे एवढंच सांगावं.

"हजारो वर्षांची अखंड गुरुपरंपरा आहे."

व्यायाम जुने आहेत. 'चीगाँग' या नावाखाली सगळं एकत्र बांधणारी पद्धत मात्र आपल्या आजोबांच्या वयाची आहे. ल्यू ग्वेइझेन नावाचा एक कम्युनिस्ट कार्यकर्ता १९४०च्या दशकात पोटातल्या अल्सरनं बेजार होता. गावाकडची एक श्वाससाधना करून त्याला आराम पडला. पक्षानं ती उचलली, मंत्र-देव-गूढ काढून टाकलं, आणि १९५०च्या दशकात समुद्रकाठच्या बेइदाइहेमध्ये सरकारी आरोग्यधामात ती उपचार म्हणून शिकवू लागले. ल्यूचं पुस्तक १९५७चं. सांस्कृतिक क्रांतीत हे सगळं बंद पडलं, १९८०च्या दशकात त्याची लाट उसळली, आणि १९९९ मध्ये त्याच लाटेतून निघालेल्या फालुन गाँग या पंथावर बंदी आल्यावर सरकारनं पुन्हा लगाम खेचला. आज जगभर शिकवले जाणारे बादुआनजिन, वूछिनशी वगैरे चार संच चीनच्या क्रीडा खात्यानं २००३ मध्ये ठरवून दिलेल्या स्वरूपातले आहेत. त्यांत गुपित काहीच नाही.

नेइदानची गोष्ट वेगळी. त्या ग्रंथांत शिसं, पारा, वाघ, ड्रॅगन अशी सांकेतिक भाषा असते, आणि किल्ली तोंडी द्यायची रीत होती. १०७५च्या सुमारास 'वूझेन पियेन' लिहिणारा झांग बोदुआन तर कबूल करतो की अपात्र माणसांना ही विद्या देऊन आपण तीनदा संकटात सापडलो. म्हणजे तिथे गुरू लागत होता तो ग्रंथ मुद्दाम कुलूपबंद केले होते म्हणून. नाथपंथ जाणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. पण म्हणून 'ची म्हणजेच कुंडलिनी' असं समीकरण मांडू नये. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली वाट वर ब्रह्मरंध्राकडे जाते. ताओ साधनेतलं मूळचं चक्र पाठीच्या कण्यातून वर चढून शरीराच्या पुढच्या बाजूनं खाली येतं आणि बेंबीखाली परततं. दोघांचा आराखडाच निराळा आहे.

"गुरू समोर बसवून शक्ती देतो, ती व्हिडिओत कशी येणार?"

आमच्याकडे शक्तिपाताची परंपरा घरोघरी ऐकलेली. पुण्याच्या गुळवणी महाराजांचं नाव रायपूरच्या मराठी घरांतही निघतं. त्यामुळे हे वाक्य आपल्याला चटकन पटतं. ती श्रद्धेची बाब आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तिचं दरपत्रक छापणाऱ्यांशी.

कारण 'मी तुमच्याकडे ऊर्जा पाठवतो' हा दावा तपासता येतो, आणि तो तपासलाही गेला आहे. १९८०च्या दशकात येन शिन हा चीनचा सगळ्यात गाजलेला चीगाँग गुरू. त्याच्या भाषणांना हजारोंची गर्दी होई, आणि पेइचिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात त्यानं दुरून ची पाठवून पदार्थांत बदल घडवले असे दावे झाले. चीनच्या क्षेपणास्त्रांचे जनक छ्येन श्वेसेन यांच्यासारखा शास्त्रज्ञ या संशोधनाच्या पाठीशी होता. तरीही स्वतंत्र प्रयोगशाळांत टिकेल असं काही हाती लागलं नाही. अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेसाठी एक प्रयोग केला. हातांनी 'ऊर्जाक्षेत्र' जाणवतं म्हणणाऱ्या, 'थेराप्युटिक टच' करणाऱ्या एकवीस जणांना तिनं पडद्याआड बसवलं आणि विचारलं, माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे? २८० वेळांपैकी बरोबर उत्तरं ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. निबंध १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. ही मंडळी चीगाँगवाली नव्हती, पण दावा तोच.

मग वर्गात तळहात गरम होतात, मुंग्या येतात, ते खोटं का? नाही, ते होतं. सैल उभं राहून पाच मिनिटं हातांवर लक्ष ठेवलं तर घरीही होतं. त्यासाठी समोर कुणी बसलेलं असावं लागत नाही, एवढंच.

"मग गुरू लागतच नाही."

इथे हसणारे चुकतात. गुरूचं जे विकलं जातं ते फोल आणि ज्याची किंमत आहे ते जाहिरातीत नाही, अशी ही विचित्र स्थिती आहे.

बादुआनजिनमधला धनुष्य ताणण्याचा प्रकार घ्या. पाय फाकवून, गुडघे वाकवून बसकण घ्यायची, एक हात पुढे, दुसरा मागे ओढायचा. व्हिडिओ बघून करणाऱ्या साठीतल्या माणसाचे गुडघे हटकून आत पडतात, कंबर मागे कमान होते, खांदे कानांशी जातात आणि जोर लावताना श्वास कोंडतो. गंमत म्हणजे त्याला स्वतःला यातलं काहीच कळत नाही. हात खांद्याच्या रेषेत आहे असं त्याला ठाम वाटत असतं आणि तो वीतभर खाली असतो. शरीराचा हा अंदाज वयाबरोबर आणखी ढिला पडतो. रक्तदाब असलेल्यानं श्वास कोंडून जोर लावणं काही चांगलं नाही, आणि झिजलेल्या गुडघ्यावर वाकडा भार रोज पडला तर महिन्याभरात व्यायामच सुटतो. मोबाईल तुम्हाला दाखवतो. तुमच्याकडे बघत नाही. शिक्षकाची फी त्या बघण्याची असते.

दुसरी गोष्ट हजेरीची. ताई ची या चीगाँगसारख्याच संथ हालचालींच्या चिनी व्यायामावर जे चांगले प्रयोग झाले ते वर्ग भरवून झाले. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात पार्किन्सनच्या १९५ रुग्णांचे तीन गट केले होते: ताई ची, वजनं घेऊन व्यायाम, आणि साधं स्ट्रेचिंग. आठवड्याला दोनदा, तासभर, चोवीस आठवडे, शिक्षकासमोर. तोल सावरण्यात ताई चीचा गट पुढे राहिला, आणि पडण्याचं प्रमाण स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा कमी झालं. म्हणजे हा जो पुरावा आहे तो चोवीस आठवडे चाललेल्या वर्गांचा आहे. शनिवार-रविवारच्या शिबिरावर तो चिकटवू नये.

"शुगर, बीपी, कॅन्सर, सगळ्यावर चालतं."

नाही. २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात घरी राहणाऱ्या वयस्कांपैकी पडणाऱ्यांची संख्या ताई चीनं सुमारे २० टक्क्यांनी कमी होते असं निघालं, आणि माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. मांडीचं हाड मोडलेल्या आजीचं पुढे काय होतं ते प्रत्येक घराला ठाऊक असतं. झोप, ताठरपणा, मनाचा ताण यांतही बऱ्याच जणांना फरक जाणवतो. पण इन्सुलिन सोडा, गोळ्या बंद करा म्हणणारा शिक्षक भेटला तर चपला घालून निघावं. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, अर्धांगवायू सगळे आहेत. हे बरे करतो म्हणून औषधाची किंवा चमत्कारी तोडग्याची जाहिरात करणं हा गुन्हा आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला तरी पत्रकं छापणाऱ्यांना त्याची ओळख नसते.

"फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना?"

सरकारी संचांबाबत जवळजवळ खरं आहे. तासन् तास चालणाऱ्या तीव्र अंतर्साधनेबाबत नाही. चिनी परंपरा स्वतःच या धोक्याला नाव देऊन बसली आहे, आणि १९८०च्या लाटेत तिथल्या मनोविकारतज्ज्ञांकडे भास, भीती, शरीरात काहीतरी आवरेनासं फिरतंय अशा तक्रारींचे रुग्ण येऊ लागले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४च्या निदानपुस्तिकेत चीगाँगनंतरच्या अशा मनोविकाराची स्वतंत्र नोंद आहे. स्वतःला किंवा घरात कुणाला गंभीर मानसिक आजार झालेला असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. चांगला शिक्षक हे पहिल्याच दिवशी विचारतो. 'त्रास होतोय म्हणजे शुद्धी चालली आहे' असं म्हणणारा चांगला नव्हे.

ताओ पंथातलंच एक तिरकस मत इथे आठवतं. च्वांगत्सीच्या ग्रंथात, दीर्घायुष्याच्या लोभानं अस्वलासारखं लटकणाऱ्या आणि पक्ष्यासारखे पंख ताणणाऱ्या लोकांची चेष्टा केलेली आहे. ज्याच्या नावावर हे विकतात त्या परंपरेतच हे लिहून ठेवलेलं आहे.

आता मैदानावरच्या मूळ प्रश्नाकडे. पैसे भरायचे असतील तर ते दोन-तीन महिन्यांच्या लहान वर्गासाठी भरावेत, जिथे शिक्षक फिरून प्रत्येकाचे गुडघे-खांदे बघतो. बादुआनजिनचा पूर्ण फेरा पंधरा मिनिटांच्या आत होतो; तो तेवढ्या काळात अंगवळणी पडला की पुढे मोबाईल पुरे, अधूनमधून चुका दाखवून घ्यायला गेलं म्हणजे झालं. आपल्याकडे मे महिन्यात हे सकाळी सहाच्या आत उरका, नंतर ऊन कुणाची ची ऐकत नाही. वर्ग लावण्याआधी एक तास बसून बघू देतात का ते पाहा. किती दिवसांनी मी स्वतःचं स्वतः करू शकेन, असं विचारा. उत्तरात पातळ्या, दीक्षा आणि पुढच्या शिबिराची तारीख आली तर समजून जा. आणि फी परत मिळते का ते पैसे भरायच्या आधी विचारा, कारण नंतर विचारलं की विषय तुमच्या श्रद्धेकडे वळतो.