चाक बोलतं, डॅशबोर्ड ऐकतो!

गाडीच्या डॅशबोर्डवर कधीकधी एक गमतीदार पिवळं चित्र उजळतं. उघडी बाजू वर ठेवलेल्या घोड्याच्या नालेसारखा आकार, तळ सपाट, आणि मधोमध भलंमोठं उद्गारचिन्ह! ते चित्र टायरचं आहे बरं का. टायर उभा कापला तर असाच दिसेल. तो बिचारा सांगत असतो, "अहो, माझ्यातली हवा कमी झालीय!"

पण थांब हं. हवा टायरच्या आत. टायर घट्ट बंद. गाडी तर पळतेय. मग आतली हवा कमी झाली, हे गाडीला कळलं कसं?

आधी ही हवा किती जोराची असते ते ऐक. छोट्या गाडीच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड, इतक्या दाबाची हवा भरतात. पेट्रोल पंपावरचे काका "किती ठेवू?" म्हणून विचारतात ना, तोच हा आकडा. आता एक इंच लांब आणि एक इंच रुंद असं पोस्टाचं तिकीट डोळ्यांसमोर आण. टायरच्या आत तिकिटाएवढ्या प्रत्येक जागेवर ही हवा साडेचौदा किलोंचा जोर लावते! प्रत्येक तिकिटावर! म्हणून तर ती माणसांनी भरलेली अख्खी गाडी तोलून धरते.

हा जोर कमी झाला की टायर बसका होतो. प्रत्येक गिरकीत त्याच्या बाजू जास्त वाकतात, पुन्हा सरळ होतात, पुन्हा वाकतात. अशाने टायर तापत जातो. खूप तापला तर भरधाव गाडीत फुटूही शकतो. अमेरिकेत असे बरेच भीषण अपघात झाले. म्हणून तिथे २००० साली कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७पासून प्रत्येक नव्या मोटारीत हा पिवळा दिवा आला. युरोपातल्या सगळ्या नव्या मोटारींत तो नोव्हेंबर २०१४पासून आहे.

आता मूळ कोडं. हवा मोजायची कशी?

पहिली युक्ती सरळ आहे. मोजणारं यंत्रच टायरच्या आत ठेवायचं! आपण जिथून हवा भरतो ना, त्या व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला एक छोटी डबी बसवतात. वजन तीसेक ग्रॅम. आत सिलिकॉनचा एक अगदी पातळ पडदा असतो. हवा त्याला दाबते, तो किंचित वाकतो. किती वाकला यावरून डबीला दाब कळतो.

कळला खरा, पण ड्रायव्हरपर्यंत पोचवायचा कसा? वायर लावून? छे! चाक फिरतंय ना! दोन-चार गिरक्यांत वायरीचा गुंता होऊन ती तुटेल. म्हणून ही डबी चक्क रेडिओवरून बोलते. गाडी पळत असली की साधारण मिनिटाला एकदा ती निरोप धाडते: मी अमुक नंबरची डबी, माझ्याकडे दाब इतका, तापमान इतकं. प्रत्येक डबीला स्वतःचा नंबर असतो, वर्गातल्या हजेरीसारखा. म्हणून शेजारच्या गाडीचा निरोप चुकून आपल्या गाडीत आला, तरी आपली गाडी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

आणि ओळख पाहू, गाडी सुरू झाली हे डबीला कोण सांगतं? कोणीच नाही! बागेतल्या गोल चक्रीवर बसल्यावर आपण बाहेर फेकल्यासारखे होतो ना? डबीलाही अगदी तसंच होतं. ती ओढ जाणवली की डबी जागी होते. चाक थांबलं की पुन्हा झोपते, म्हणजे बॅटरी वाचते. ही ओढ केवढी असते म्हणतोस? छोटी गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने पळते तेव्हा तिचं चाक एका सेकंदात चौदा-पंधरा गिरक्या घेतं. त्या वेळी तीस ग्रॅमच्या डबीला बाहेरच्या बाजूला बसणारी ओढ जवळजवळ पाच किलोंच्या वजनाएवढी असते! पाच किलो! तांदळाची पिशवीच की! तरी ही चिमुकली डबी घट्ट बसून निरोप पाठवत राहते. मला तर तिचं फार कौतुक वाटतं.

दुसरी युक्ती मात्र माझी सगळ्यात लाडकी. त्यात टायरमध्ये काहीच ठेवत नाहीत. काही म्हणजे काहीच नाही!

मैदानावर चार मुलं शेजारी शेजारी चालताहेत. सगळ्यांनी एकच अंतर कापलं. पण ज्याची टांग छोटी, त्याला पावलं जास्त टाकावी लागली. हो ना? चाकाचंही तसंच. हवा कमी झाली की चाक थोडं बसतं, म्हणजे किंचित लहान होतं. लहान चाकाला तेवढ्याच रस्त्यात जास्त गिरक्या घ्याव्या लागतात. मग काय, गिरक्या मोजायच्या! ब्रेक मारल्यावर चाकं घसरू नयेत म्हणून गाडी प्रत्येक चाकाचा वेग मोजतच असते. तीच मोजणी इथे कामाला येते.

आणि फरक किती बारीक असतो! छोट्या गाडीचं चाक एका किलोमीटरमध्ये पाचशेहून जास्त वेळा फिरतं. हवा कमी झालेलं चाक त्यात जेमतेम एखाद-दोन गिरक्या जास्त घेतं. गाडी तेवढंसुद्धा पकडते! शिवाय वळणावर बाहेरच्या बाजूची चाकं जास्त रस्ता कापतात. तो हिशेबही वजा करावा लागतो. म्हणून ही युक्ती लगेच उत्तर देत नाही. थोडं अंतर चालून, खात्री करून घेऊन मगच दिवा लावते.

पण एक गंमत आहे. चारही मुलांच्या टांगा सारख्याच छोट्या झाल्या तर? कोणाची पावलं जास्त, हे कसं कळणार? चारही टायरमधली हवा हळूहळू, सारखीच कमी झाली, तर नुसती तुलना करणारी गाडी फसते! आणि असं खरंच होतं. पंक्चर नसलं तरी रबरातून हवा थोडी थोडी बाहेर झिरपत असते. काही नव्या गाड्या यासाठी चाकाची थरथरही तपासतात, कारण हवा कमी झाली की थरथर बदलते.

मग आतल्या डबीचं सगळं बरं? तिच्याही अडचणी आहेत. तिची बॅटरी पाच ते दहा वर्षांत संपते, आणि ती आतच पक्की बंद केलेली असते. बॅटरी संपली की बहुतेक वेळा अख्खी डबीच बदलावी लागते. २०१० साली अमेरिकेतल्या रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांतल्या संशोधकांनी तर या डब्यांचं बोलणं चाळीस मीटरवरून ऐकून दाखवलं. एवढंच नाही, खोटा निरोप पाठवून धावत्या गाडीतला दिवाही लावून दाखवला! डब्या आपलं बोलणं कुलूपबंद करत नव्हत्या ना!

दिव्याची आणखी एक गोष्ट मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. हवा जरा कमी झाली की तो लगेच लागतो, असं नाही. अमेरिकेच्या नियमात दाब एक चतुर्थांश कमी झाला की तो लागायलाच हवा. म्हणजे ३२ हवेत आणि २५च उरलेत, तरी दिवा गप्प बसू शकतो! म्हणून दिवा असला तरी महिन्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासायलाच हवी.

थंडीत तर हा दिवा लपंडाव खेळतो. हवा थंड झाली की तिचा दाब घटतो. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय उतरतो. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबरच्या पहाटे कडाक्याची थंडी पडते. आधीच थोडी कमी हवा असलेल्या टायरचा दिवा तिथे पहाटे लागतो आणि दुपारी उन्हात आपोआप विझतो!

आणि डिकीतली स्टेपनी? बऱ्याच गाड्यांत तिला डबीच नसते. ती फिरत नाही, त्यामुळे तिच्या गिरक्याही मोजता येत नाहीत. तिच्यातली हवा संपली तरी डॅशबोर्डला पत्ता नाही! आपल्याकडे २०२० साली नियम बदलला. टायर ट्यूबलेस असतील, हवा तपासणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच गाडीत असेल, तर छोट्या गाडीत स्टेपनी ठेवलीच पाहिजे असं आता नाही.

आता तुझ्यासाठी एक शोधकाम. गाडी उभी असताना ड्रायव्हरचं दार उघड आणि दाराच्या चौकटीपाशी बघ. बहुतेक गाड्यांत तिथे एक छोटा स्टिकर असतो. हवा किती भरायची ते त्यावर छापलेलं असतं. पुष्कळदा तिथे दोन वेगवेगळे आकडे दिसतील. एक गाडीत दोघं-तिघंच असताना, आणि दुसरा मागे सगळे बसलेले आणि डिकी सामानाने भरलेली असताना. यातला मोठा आकडा कोणता असेल, सांग बघू!