वलयात बांधलेला रेणू

यकृताला ग्रासणाऱ्या हेपॅटायटिस सी या रोगाचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तोपर्यंत रक्त चढविलेल्या रुग्णांना होणारी ही व्याधी ‘ए नव्हे आणि बी नव्हे’ अशा नकारात्मक नावानेच वैद्यकाला ठाऊक होती. शत्रू सापडला, शस्त्र मात्र सापडले नव्हते. इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिन यांचा उपचार बहुधा ४८ आठवडे चाले. रुग्ण ज्वराने, अशक्ततेने आणि खिन्नतेने खंगून जात, आणि एवढे सोसूनही विषाणूच्या पहिल्या जनुकप्रकारात जेमतेम निम्मे बरे होत.

हा विषाणू आपली सारी प्रथिने सुमारे ३,००० ॲमिनो अम्लांच्या एका सलग साखळीच्या रूपात पेशीकडून घडवून घेतो. साखळी योग्य जागी कापली गेली तरच तिचा त्याला उपयोग. त्यांपैकी चार ठिकाणी कापण्याचे काम एनएस३ प्रोटिएज हे त्याचेच एंझाइम करते. ही कात्री निकामी करावी, हा विचार तसा सरळ होता. अडचण होती ती कात्रीच्या घडणीत. १९९६ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने तिची रचना उलगडली. एड्सच्या विषाणूच्या प्रोटिएजात औषधाला शिरण्यासाठी बोगद्यासारखी पोकळी असते. येथे मात्र परातीसारखा उथळ, पाण्याला उघडा असा पृष्ठभाग होता. औषधाच्या लहानशा रेणूने तेथे पकड घ्यावी तरी कशी?

वाट एंझाइमानेच दाखविली. साखळी कापल्यावर तुटलेला एक तुकडा त्याला काही काळ चिकटून राहतो आणि पुढचे काम अडवितो, असे आढळले. कॅनडातील मॉन्ट्रिअलजवळच्या लव्हाल येथे बोरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीच्या संशोधकांनी सहा ॲमिनो अम्लांचा असा तुकडा आधाराला घेतला. पण मोकळी साखळी द्रावणात सतत वळवळत असते, नाना आकार धारण करते. एंझाइमावर बसण्यासाठी तिला एकच आकार पत्करावा लागतो, आणि हे स्वातंत्र्य सोडण्याची किंमत पकडीच्या बळातून वजा होते. सैल दोरा सुईत जात नाही. आपण त्याचे टोक ओले करून पीळ देतो, तेव्हाच तो ओवला जातो. रसायनशास्त्रज्ञांना असाच पीळ हवा होता.

एंझाइमावर बसलेल्या तुकड्यातील पहिल्या आणि तिसऱ्या घटकांच्या बाजूच्या शाखा एकमेकींच्या अगदी निकट येतात, हे त्यांच्या ध्यानी आले. मग त्या जोडूनच का टाकू नयेत? रुथेनियमयुक्त उत्प्रेरकाच्या साहाय्याने दोन शाखांची टोके सांधून १५ अणूंचे वलय तयार करण्यात आले. द्रावण अतिशय विरल ठेवावे लागे. नाहीतर एका रेणूचे टोक शेजारच्या रेणूला जाऊन चिकटे! अशा वलयबंधनाच्या विक्रियेवरील मूलभूत कार्याला २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या रेणूला पुढे सिलुप्रेव्हिर हे नाव मिळाले. २००३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष थक्क करणारे होते. अवघे दोन दिवस तोंडावाटे औषध दिल्यावर रुग्णांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण शंभर ते हजारपटींनी, काहींत त्याहूनही अधिक घटले. इंटरफेरॉनच्या ४८ आठवड्यांशी हे ताडून पाहावे. परंतु माकडांना मोठ्या मात्रा दिल्या असता त्यांच्या हृदयस्नायूंना इजा झाल्याचे दिसले आणि काम थांबले. माझ्या मते हा निर्णय त्या रेणूच्या शोधाइतकाच मोलाचा होता.

औषध गेले, वलयाची कल्पना मात्र टिकली. २०१३ साली अमेरिकेत मान्य झालेल्या सिमेप्रेव्हिरमध्ये ते १४ अणूंचे झाले. ग्राझोप्रेव्हिरमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या घटकांना जोडून साधले गेले. २०१७ साली मान्यता मिळालेले ग्लेकाप्रेव्हिर हेही वलयी औषधच. पिब्रेन्टास्व्हिरच्या जोडीने ते बहुतेक रुग्णांना केवळ ८ आठवड्यांत विषाणुमुक्त करते. ज्यांचे यकृत पुरते खचले आहे, त्यांना मात्र या वर्गातील औषधे देत नाहीत. त्यांच्यावर वेगळ्या वर्गातील औषधांनी उपचार करतात.