रानातला पाऊस घरीच मोजा. रिकाम्या बाटलीचं पर्जन्यमापक असं बनवा

हिंगोली : शिवारात पाणीच पाणी, पण महसूल मंडळाच्या नोंदीत पाऊस कमी, अशी तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. आपल्या रानात नेमका किती पडला, हे मात्र घरच्या घरी मोजता येतं.

साहित्य : दोन लिटरची सरळ, गुळगुळीत बाटली, खडे, कात्री, मोजपट्टी, चिकटपट्टी.

कृती : बाटली जिथून निमुळती होते तिथून वरचा भाग कापा. झाकण काढून तो भाग उलटा, नरसाळ्यासारखा बाटलीत बसवा. बुडाशी खडे टाका, म्हणजे वाऱ्यानं ती पडणार नाही. बुडाचा वाकडातिकडा भाग बुडेपर्यंत पाणी भरा. ही शून्याची खूण. तिथून वर मोजपट्टी चिकटवा. एक सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर.

कुठे ठेवायची : झाड, भिंत, पत्र्यापासून लांब, उघड्यावर, विटांच्या आधारानं. रोज सकाळी साडेआठला आकडा तारखेसह वहीत लिहा आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणा.

६५ मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी. एवढं पडलं की हळद, सोयाबीनमध्ये चर काढून पाणी लगेच बाहेर काढावं लागतं.

लक्षात ठेवा : मदतीसाठी सरकारी यंत्राचीच नोंद चालते, बाटलीची नाही. पण दोन्हींत मोठा फरक दिसला, तर तारीखवार वही घेऊन तलाठी, कृषी सहायकाकडे पंचनाम्याची मागणी नेमकेपणानं मांडता येते.