टीव्ही घरात नाही, संगणक आहे : मग वाहिन्या कशा बघायच्या?

मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर दोघं जण आमच्याकडं आले. एक मुलगी नगरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. तिच्याकडं जुना लॅपटॉप आहे, टीव्ही नाही आणि घ्यायचाही नाही. दुसरे अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या एका शाळेचे गुरुजी. त्यांच्या शाळेत लोकवर्गणीतून संगणक आणि प्रोजेक्टर आलेला, पण मोबाइलची रेंज शाळेच्या ओट्यावर एका कोपऱ्यात तेवढी मिळते. दोघांचा प्रश्न एकच होता, की साध्या वाहिन्या संगणकावर दिसतील का? तेव्हा आम्ही "दिसतील की" म्हणून मोकळे झालो. नंतर लक्षात आलं, की दोघांची उत्तरं अगदी वेगळी आहेत. म्हणून आज हा विषय.

आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. आम्ही केबलच्या सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर सरळ लॅपटॉपच्या एचडीएमआय भोकात घातली. पडदा ढिम्म. तासभर बटणं दाबली. लॅपटॉपचं ते भोक बाहेर जायचा दरवाजा आहे, आत यायचा नाही, हे तेव्हा कळलं. लॅपटॉपचं चित्र तिथून टीव्हीवर जातं, पण बाहेरचं चित्र तिथून आत येत नाही. त्यानंतर एका दुकानदारानं आम्हाला जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड विकलं, "केबलची वायर स्क्रूनं बसवा, झालं" म्हणाला. तेही चाललं नाही. का चाललं नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

केबल आपल्याकडं आली ती अॅनालॉग. नव्वदच्या दशकात वायर थेट टीव्हीत जायची, डबा नसायचाच. त्या काळात ट्यूनर कार्ड उत्तम चालायचं, कारण वायरीतून येणारं चित्र उघडं होतं. मग सरकारनं टप्प्याटप्प्यानं केबल डिजिटल केली. 2012 मध्ये मुंबईसारखी महानगरं, 2013 मध्ये पुणे-नाशिकसारखी मोठी शहरं, तिसऱ्या टप्प्यात बाकीचा शहरी भाग आणि शेवटच्या टप्प्यात, म्हणजे 2017 पर्यंत, खेडीपाडी. आता वायर तीच असली तरी आतला माल कुलूपबंद आहे. कुलूप उघडायची किल्ली केबलवाल्याच्या डब्यात आणि त्याच्या कार्डात असते. ती किल्ली संगणकातल्या ट्यूनरकडं नाही. म्हणून जुनं कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. जुन्या बाजारात ती अजून विकायला दिसतात.

तर मग केबल असेल तर काय करायचं? डबा ठेवायचाच, आणि डब्याचं चित्र संगणकात घ्यायचं. डब्याच्या मागं पिवळी, लाल, पांढरी अशी तीन भोकं असतात. पिवळ्यातून चित्र, लाल-पांढऱ्यातून आवाज. तिथून यूएसबीत जाणारा छोटा कॅप्चर अडॅप्टर मिळतो. तो लावायचा, व्हीएलसी प्लेअर उघडायचा, त्यात कॅप्चर डिव्हाइस निवडायचं. दोन गोष्टी इथं हमखास चुकतात. एक, व्हिडिओचा प्रकार पाल निवडायचा. तिथं एनटीएससी राहिलं तर चित्र काळंपांढरं येतं किंवा गिरक्या घेतं. दुसरं, आवाज पुष्कळदा वेगळं उपकरण म्हणून दाखवतो, तो स्वतंत्र निवडावा लागतो. चित्र दिसतंय आणि आवाज नाही म्हणून अडॅप्टर परत करायला निघालेले लोक आम्ही पाहिलेत. चित्र काचेसारखं स्वच्छ नसेल, पण बातम्या बघायला पुरतं. एचडीएमआयवरून घेणारे कॅप्चर कार्डही असतात, पण पुष्कळ डबे एचडीएमआयवर नकलेला अटकाव करणारं संरक्षण लावतात आणि पडदा काळा राहतो. त्यापेक्षा ती तीन रंगांची भोकं बरी.

आणि एक सांगू का? तुमच्याकडं लॅपटॉप नसून टेबलावरचा संगणक असेल, तर संगणक मधे घ्यायची गरजच नाही. डबा सरळ मॉनिटरला जोडा. मॉनिटरला एचडीएमआयचं भोक आत यायचंच असतं. आवाजासाठी लाल-पांढरी वायर स्पीकरला. झाला टीव्ही! गुरुजींच्या प्रोजेक्टरलाही हेच लागू.

आता त्या मुलीचं. तिला केबलची गरज आहे का? 2019 मध्ये ट्रायनं नवी दरपद्धत आणली तेव्हा पहिल्या 100 वाहिन्यांसाठी नेटवर्कचं भाडं जास्तीत जास्त 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे होतं. 2024 मध्ये ही कमाल मर्यादाही उठली. पैशाच्या वाहिन्यांचे पैसे याशिवाय वेगळे. खोलीभाडं आणि खानावळीचा डबा सांभाळणाऱ्या पोरीनं दरमहा हे का भरायचं? तिला हव्यात बातम्या. एबीपी माझा, झी 24 तास, टीव्ही 9 मराठी या वाहिन्या यूट्यूबवर दिवसभर थेट चालतात, सह्याद्रीच्या बातम्याही तिथं मिळतात. प्रसार भारतीनं नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात वेव्हज् हे व्यासपीठ सुरू केलं, त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत. मालिकांच्या वाहिन्या मात्र यूट्यूबवर थेट नसतात. हिशेब एवढाच ठेवायचा, की 480 च्या दर्जावर तासाला साधारण अर्धा जीबी जातो. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर तीन तासांत संपला. मग अभ्यासाचे व्हिडिओ कशावर बघणार? म्हणून दर्जा 240 वर आणा, बोलणारा माणूसच तर बघायचा आहे. "सगळे चॅनल फुकट" म्हणून फिरणाऱ्या लिंकांच्या नादी लागू नका. त्यात पैशाच्या वाहिन्या चोरून दाखवलेल्या असतात, आणि एक दाबलं की चार खिडक्या उघडून लॅपटॉपला रोग लागतो.

गुरुजींकडं इंटरनेट नाही, म्हणून त्यांचं उत्तर आभाळात आहे. दूरदर्शनची फ्री डिश सेवा डिसेंबर 2004 पासून आहे, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. दरमहा भाडं नाही. डबा आणि छत्रीला एकदाच साधारण दोन हजार रुपये. ज्या जीसॅट-15 उपग्रहावर ती आहे, त्याच उपग्रहावर 2017 पासून स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्याही आहेत. 2020 मध्ये शाळा बंद पडल्यावर पीएम ई-विद्या आली, पहिली ते बारावी, एका इयत्तेला एक वाहिनी. त्या मूळ वाहिन्यांची भाषा बहुतेक हिंदी, हे आधीच सांगतो. पोरांना समजावून द्यायला गुरुजी लागतीलच. सह्याद्री आणि डीडी किसान आहेतच. खासगी मराठी वाहिन्यांच्या जागा लिलावानं दिल्या जातात, म्हणून यंदा दिसली ती पुढच्या वर्षी दिसेल असं नाही.

हे संगणकावर घ्यायला डीव्हीबी-एस2 ट्यूनर लागतो, यूएसबीचा किंवा संगणकाच्या आत बसणारा. छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो त्याला 13 किंवा 18 व्होल्ट वीज वायरीतूनच जाते. म्हणून यूएसबीच्या ट्यूनरला स्वतःचा अडॅप्टर असलेला बघून घ्या. लिनक्सवर टीव्हीहेडएंड नावाचा मोफत प्रोग्राम आहे. एका संगणकाला ट्यूनर लावला की लॅनच्या वायरीनं बाकीच्या संगणकांवरही वाहिनी दिसते. शिवाय एका ट्रान्सपाँडरवरच्या सगळ्या वाहिन्या एकाच ट्यूनरमधून एकाच वेळी मिळतात. त्या एकत्र असल्या तर एका संगणकावर आठवी, दुसऱ्यावर दहावी असं करता येतं. इंटरनेटचा थेंबही लागत नाही.

छत्री कुठं वळवायची? उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, आपण 75 अंशाच्या आसपास. आम्ही गणित मांडून पाहिलं. आपल्या जिल्ह्यातून तो जवळजवळ नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून 58 ते 60 अंश वर येतो. म्हणजे बराच उंच. पश्चिमेचा सह्याद्री आड येत नाही, आणि आग्नेयेचं झाड अगदी अंगाशी नसेल तर तेही नाही. पण छत्रीकडं बघून फसू नका. एलएनबी मधोमध नसून खालून असतो, त्यामुळं छत्री दिसते त्यापेक्षा सुमारे 25 अंश वर बघत असते. 60 अंशाकडं तोंड करून बसवायला गेलात तर ती आभाळाच्या डोक्यावरून बघेल. ती बरीच उभी दिसली पाहिजे. खासगी डीटीएचची जुनी छत्री गावात कुणाच्या तरी छपरावर गंजत पडलेली असते. ती बहुधा चालते, पण फिरवावी लागते, कारण त्यातल्या बहुतेक कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत. एकानं छपरावर, एकानं पडद्यासमोर बसायचं. बोटभर सरकवायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुन्हा. घाई करणाऱ्याला सिग्नल सापडत नाही.

मागून कुणी तरी विचारलं, पावसाचं काय. प्रश्न बरोबर आहे. हे सिग्नल केयू पट्ट्यातले, मोठ्या सरीत अडतात. पाथर्डी-जामखेडला वर्षातून मोजके दिवस त्रास होईल. घाटघर-रतनवाडीकडं मात्र आषाढ-श्रावणात चित्र जाणार, हे धरूनच चाला. छत्री थोडी मोठी घेतली तर फरक पडतो. टीव्हीहेडएंडला ध्वनिचित्रमुद्रणही करता येतं. गुरुजी, उघडीप असेल त्या दिवशी पाठ साठवून ठेवा आणि पावसाच्या दिवशी तेच लावा. पुढच्या महिन्यात आम्ही तुमच्याकडं येतोय. शिडी तेवढी गावात बघून ठेवा.