विश्लेषण : गोल्ड-फिल्ड दागिना घरी झाळता येतो का? डाख बसतो, मग सोने का उडते?

दिसायला सोन्याची साखळी, किंमत मात्र सोन्याच्या मानाने कितीतरी कमी. सोने महागल्यापासून ‘गोल्ड-फिल्ड’ साखळ्या आणि तारा ऑनलाइन मागवणारे आपल्याकडेही आहेत. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून भेट आलेली नाजूक साखळी अनेकदा याच प्रकारातली असते. तिची कडी तुटली, की सोनार ‘हे आपलं काम नाही’ म्हणून परत देतो. व्हिडीओत मात्र तेच काम दोन मिनिटांचे दिसते. लायटरएवढा गॅस टॉर्च, डाखाची तार आणि चिमटा, बस्स. प्रत्यक्षात जोड बसतोही. पण दागिना पिवळ्याचा तांबूस होतो.

गोल्ड-फिल्ड म्हणजे नेमके काय?

नावावरून आत सोने भरले असावे असे वाटते. आहे उलटे. आत पितळ आणि वर सोन्याचा पत्रा, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेला. मग तो लाटून किंवा तार ओढून हव्या त्या मापाचा केला जातो. अमेरिकेत रूढ असलेल्या व्याख्येनुसार सोन्याचा थर एकूण वजनाच्या किमान विसाव्या भागाइतका लागतो. म्हणून दागिन्यावर ‘14/20 जीएफ’ असा शिक्का असतो; म्हणजे 14 कॅरेटचा थर, वजनाच्या 1/20.

हिशेब करून पाहा. 10 ग्रॅमच्या साखळीत 14 कॅरेटचे सोने अर्धा ग्रॅम, त्यात शुद्ध सोने 0.3 ग्रॅमच्याही किंचित आतच. एक मिलिमीटर जाडीच्या तारेवर हा थर भरतो साधारण 8 मायक्रॉन. माणसाचा केस त्याच्या आठ-दहा पट जाड असतो. पुढचे सगळे दुखणे या आकड्यात आहे.

‘एक ग्रॅम’चे दागिने याच प्रकारातले का?

नाही. आपल्याकडच्या बाजारातल्या ‘एक ग्रॅम सोन्या’च्या दागिन्यांवर विजेच्या साह्याने मुलामा चढवलेला असतो आणि तो अनेकदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. नावातला एक ग्रॅम ही वजनाची हमी नव्हे. अशा दागिन्याला ज्योत दाखवली, की त्या जागचा मुलामा गेलाच म्हणून समजा; झाळल्यावर पुन्हा पॉलिश करून घेण्यावाचून मार्ग नाही. गोल्ड-फिल्डमध्ये निदान प्रयत्न करण्यापुरता थर असतो.

मग झाळताना सोने जाते कुठे?

ते जळत नाही. 14 कॅरेटचे सोने वितळायला 800 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते, पितळाला 900च्या वर. दागिन्यांसाठीचा ‘इझी’ प्रकारचा डाख 700 अंशांच्या आसपास वाहू लागतो. म्हणजे कागदावर शंभरेक अंशांची सवलत आहे. पण ज्योत जास्त वेळ राहिली तर सोने खालच्या पितळात मुरते आणि तांबे-जस्त वर येते. थर पातळ, त्यामुळे मुरायला वेळ लागत नाही. जोडाभोवती जो तांबूस, मळकट डाग दिसतो तो हाच. तो पुसून जात नाही, कारण तो वर बसलेला मळ नाही.

दुसरी चूक त्यानंतर होते. डाग दिसला की हात कानशीकडे किंवा पॉलिश पेपरकडे जातो. 8 मायक्रॉनच्या थरावर कानस दोनदा फिरली की खाली पितळ उघडे. जे ज्योतीतून वाचले ते असे घासण्यात जाते. आमच्या मते घरगुती प्रयोगात दागिने आगीपेक्षा कानशीने जास्त बिघडत असावेत.

तरीही करायचेच असेल तर?

आधी तारेच्या तुकड्यावर हात बसवा. जोडाची दोन टोके एकमेकांना घट्ट भिडली पाहिजेत; डाख फट बुजवत नाही, तो भिडलेल्या टोकांमध्ये ओढला जातो. टोके स्वच्छ करून त्यावर टाकणखार पाण्यात कालवून लावा. सोनार पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरत आले आहेत. डाखाचा कण बारीक घ्या, मोहरीपेक्षाही लहान. जास्त झालेला डाख नंतर घासावा लागतो आणि घासणे तर परवडणारे नाही. ज्योत मऊ ठेवा, एकाच बिंदूवर न रोखता आजूबाजूने फिरवा आणि डाख चमकून वाहिला की त्याच क्षणी काढा. काळपटपणा काढायला कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड पुरते. त्यात लोखंडी चिमटा मात्र बुडवू नका, नाहीतर दागिन्यावर तांब्याचा थर चढतो. शेवटी फक्त मऊ कापड.

काही दागिन्यांना ज्योत दाखवूच नये. मोती जळतात, काचेचे काळे मणी तडकतात, फासाच्या कडीतली स्प्रिंग मऊ पडते. कोल्हापुरी साजासारख्या दागिन्यांच्या पोकळ भागांत लाख भरलेली असते. ती तापली की वितळून बाहेर येते. पूर्ण बंद पोकळ मण्यात हवा किंवा ओल कोंडलेली असेल तर तो फुटूही शकतो.

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची सोल्डर वायर चालेल का?

हा मोह सगळ्यांना होतो, कारण सोल्डरिंग गन घरात असते आणि तापमानही कमी लागते. जोड चिकटतो, पण कच्चा. शिवाय त्या तारेत कथील आणि अनेकदा शिसे असते. पुढे कोणी तो दागिना नीट झाळायला घेतला, की हे उरलेले कथील-शिसे तापून सोन्यात आणि पितळात शिरते आणि खड्डे पाडते. अंगावर घालायच्या वस्तूत शिसे नको, हे वेगळेच.

खरा धोका कोणता?

दागिना बिघडला तर नुकसान पैशांचे. धूर मात्र शरीरात जातो. सराफा दुकानांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षे दिसलेला ‘केडीएम’ हा शब्द आठवतो ना? तो कॅडमियम मिसळलेल्या डाखावरून आला. कॅडमियम कमी उष्णतेत वाहते आणि कस फारसा घटत नाही, म्हणून कारागिरांना ते सोयीचे होते. पण ते 767 अंशांना उकळते, आणि टॉर्चची ज्योत त्याच्या बरीच पुढे जाते. ही वाफ फुप्फुसांना गंभीर इजा करते. त्रास काही तासांनी सुरू होत असल्याने सुरुवातीला साधा ताप वाटतो. कॅडमियम कर्करोगकारक म्हणूनही नोंदले गेले आहे. भारतीय मानक ब्युरोने हॉलमार्क दागिन्यांत त्याला मनाई केली, तरी जुना किंवा वेष्टनावर काहीच न लिहिलेला स्वस्त डाख कशाचा आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. ‘कॅडमियममुक्त’ लिहिलेलाच घ्या. पितळ फार तापले तर जस्ताचा धूरही निघतो. त्यामुळे काम उघड्या खिडकीजवळ आणि विटेवर करा, ओट्यावरच्या सिलिंडरच्या नळीपासून दूर.

झाळल्याशिवाय भागते का?

बहुतेकदा भागते. तुटली असते ती सहसा एक कडी. नवी कडी घालताना ती दोन्ही बाजूंना ओढून रुंद करू नका. एक टोक पुढे, एक मागे असे पिळून उघडा आणि तसेच पिळून बंद करा. किल्ल्यांच्या रिंगसारखी दुहेरी वेढ्याची बारीक कडी मिळते, तिला डाखाची गरजच नसते. साखळी मधोमध तुटली असेल, तर लेसर वेल्डिंगचे यंत्र असलेला कारागीर शोधा. लेसरची उष्णता टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत राहते, त्यामुळे बाजूचा थर वाचतो. दागिना देताना मात्र तो गोल्ड-फिल्ड असल्याचे आधीच सांगा आणि ‘14/20’चा शिक्का दाखवा. सोन्याचा समजून त्याने नेहमीचा मोठा टॉर्च लावला आणि नंतर पॉलिशच्या चाकावर धरला, तर साखळी जोडलेली मिळेल, पण पितळेची.