उंच मोटारसायकल खाली उतरवताना

घाट, खडी, ओढ्याचा उतार अशा कुठल्याही वाटेवर चालावी म्हणून मुद्दाम उंच बांधलेल्या मोटारसायकली हल्ली तालुक्याच्या गावीही दिसतात. त्यांना ‘अ‍ॅडव्हेंचर’ गाड्या म्हणतात. चालत्या गाडीवर काही अडचण नसते. ती थांबली, की बेताच्या उंचीच्या माणसाची पंचाईत होते. पाय टेकायला जावे तो खाली खळगा निघतो, गाडी कलते आणि मग ती आवरत नाही. अशा वेळी कुणीतरी सल्ला देतो, “अहो, गाडी बोटभर खाली उतरवून घ्या की!” काम होण्यासारखे आहे. पण त्या बोटभर उंचीबरोबर आपले काय काय जाते, ते आधी समजून घेऊ या.

रॉयल एन्फिल्डची 2023 साली आलेली हिमालयन 450 ही गाडी उदाहरणाला घेऊ. तिचे वजन 196 किलो. बैठक जमिनीपासून 825 मिलिमीटर, तर पोट 230 मिलिमीटर उंच. दोन्ही चाकांना खालीवर होण्यास 200 मिलिमीटर वाव आहे. हा वाव चैनीसाठी दिलेला नाही. खड्ड्यात चाक वर-खाली होते आणि गाडीचे अंग त्या मानाने स्थिर राहते, ते या वावामुळेच.

आता गाडी उतरवतात कशी? मागच्या बाजूला चाकाचा दांडा आणि शॉकअप यांच्यामध्ये लिंकच्या पट्ट्या असतात. वेगळ्या मापाच्या पट्ट्या बसवल्या, की मागची बाजू खाली येते. पुढे चिमट्याच्या नळ्या पकडीत थोड्या वर सरकवतात. दोन्हीकडून 25 मिलिमीटर उतरवले, तर पोट 230 वरून 205 वर येते. गतिरोधकावर किंवा दगडावर खालचा पत्रा आपटण्याचा संभव तेवढा वाढतो. शिवाय चाक पूर्ण दबले असता टायर मडगार्डच्या 25 मिलिमीटर अधिक जवळ येतो.

पुष्कळजण फक्त मागची बाजू उतरवतात, कारण ते स्वस्त पडते. बैलगाडी उलाळ झाली, म्हणजे मागे भार जास्त झाला, की काय होते ते तुम्हांला सांगायला नकोच! इथेही तसेच. पुढचे चाक हलके पडते, चिमटा जास्त तिरपा होतो, गाडी वळणात जड लागते आणि दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. उलट फक्त पुढची बाजू उतरवली, तर चिमटा उभा होतो आणि वेगात हँडल चंचल बनते. म्हणून उतरवायची तर दोन्ही बाजू सारख्याच उतरवाव्यात. शिक्षकांना हा धडा सायकलवरही दाखवता येईल: मागच्या चाकाखाली वीट ठेवा आणि चिमट्याचा कोन कसा बदलतो, ते मुलांना मोजू द्या.

पण लिंकला हात लावण्याआधी सोपे उपाय करून पाहा. या गाडीसाठी 805 मिलिमीटरची बुटकी बैठक मिळते. बैठक बदलल्याने पोटाची उंची आणि चाकाचा वाव जसाच्या तसा राहतो. बैठकीची रुंदी मांडीकडे कमी असली, तरी पाय जास्त पोचतो. जाड तळव्याचा बूट हाही एक उपायच. त्यानंतर आपण बसल्यावर गाडी किती दबते, ते मोजा. वावाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे कमी, म्हणजे या गाडीवर सुमारे 60 मिलिमीटर, दबणे योग्य. उंची कमी व्हावी म्हणून स्प्रिंग त्याहून सैल सोडू नका. मागे माणूस आणि सामान बसले, की गाडी प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटेल.

आणि दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत, असेही नाही. थांबताना बैठकीवर किंचित सरकून डावा पाय भक्कम टेकावा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा. मोकळ्या मैदानात आठ दिवस हा सराव केला, तर निम्मी भीती तिथेच जाईल.

एवढे करूनही पाय पोचत नसेल, तर गाडी जरूर उतरवा. मात्र जाणत्या कारागिराकडून. स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर नेऊन टायर कुठे घासत नाही ना, हे त्याला पाहायला लावा. साईड स्टँड तेवढ्या मानाने आखूड करून घ्या. नाहीतर गाडी उभट राहते आणि वाऱ्याच्या झोतानेही उजवीकडे पडते. साखळीचा ताण आणि दिव्याचा झोत नव्याने लावून घ्या. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर विक्रेत्याला आधी विचारा. आणि पहिले चार दिवस ओळखीच्या रस्त्यावरच, बेताने चालवा. ओळखीच्या वळणावर गाडीतला बदल चटकन ध्यानात येतो.