घोडा, जोंगा आणि विक्रेत्याचे मौन

जबलपूर शहराच्या पूर्व अंगास असलेल्या रांझी या उपनगराचा दिवस कारखान्यांच्या पाळ्यांवर चालतो. १९०४ सालचा तोफगाडा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ सालचा वाहन कारखाना हे तिन्ही याच परिसरातले. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात जबलपूर १९५६ पर्यंत होते. तेव्हा मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नाही. सैन्यातून आलेल्या माणसाला तर दोन नावे सांगितली की पुरे : शक्तिमान आणि जोंगा. शक्तिमान हा ट्रक पश्चिम जर्मनीच्या 'मान' कंपनीशी झालेल्या करारानुसार १९५९ मध्ये तोफगाडा कारखान्यातून बाहेर पडला. जोंगा ही मूळची जपानच्या निसान कंपनीची दणकट जीपवजा गाडी. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या इंग्रजी नावातील अक्षरे जुळवून तिचे बारसे झाले आणि १९६९ पासून १९९९ पर्यंत ती येथेच बनत राहिली.

सैन्यासाठी बनलेली ही गाडी सामान्य नागरिकाच्या अंगणात बहुतेक एकाच वाटेने येते. सेवा संपली की सैन्य तिला लिलावात काढते. व्यापारी ती उचलतो, रंगरंगोटी करतो आणि हौशी गिऱ्हाइकाला विकतो. जाड पत्र्याची काया, चारही चाकांना मिळणारी ताकद आणि अंगावरचा लष्करी रुबाब यांची भुरळ पडणे स्वाभाविक आहे. २०१९ साली क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांनी जोंगा घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतूनही तिची छायाचित्रे झळकली. तथापि या भारदस्त देहात सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन आहे, आणि आपला प्रश्न त्या इंजिनाचा आहे. आपण जोंगा घेणार नसाल, शेजाऱ्याची दहा वर्षे वापरलेली छोटी मोटार घेणार असाल, तरीही पुढील मजकुरातील बहुतेक भाग आपल्याला लागू पडेल.

गाडी घरी येते. बॉनेटवर हळदकुंकू वाहिले जाते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते, मुले मागच्या आसनावर बसून फेरी मारून येतात. आठ-पंधरा दिवस आनंदात जातात. मग एखाद्या चढावर इंजिन दमते, तापमानाचा काटा वर सरकतो, मागे निळसर धुराची शेपटी दिसू लागते. आणि मिस्त्री इंजिन खोलून शांतपणे सांगतो की काम मोठे आहे. भविष्यनिर्वाह निधीतून किंवा मुलीच्या लग्नासाठी राखलेल्या ठेवीतून काढलेल्या पैशांची गाडी असेल, तर हे वाक्य सबंध घराला ऐकू जाते.

लिंबाचा उल्लेख आला म्हणून सांगावेसे वाटते. अमेरिकेत खोड असलेल्या मोटारीला बोलीभाषेत 'लिंबू'च म्हणतात. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या 'लिंबां'च्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. तत्पूर्वी तीन नियतकालिकांनी तो परत पाठविला होता. पुढे २००१ साली याच विचाराबद्दल त्यांना आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे कोणत्याही गृहिणीला पटेल असे आहे. जुन्या मोटारीची खरी प्रकृती विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा फसण्याच्या भीतीने मधलीच किंमत बोलतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे तो त्या किमतीला ती विकावयास तयार होत नाही, आणि बाजारात मागे राहतात ती मुख्यतः लिंबेच. या निबंधात भारतीय गृहिणीचाही उल्लेख आहे : बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे नि आकाराचे खडे तिला निवडत बसावे लागतात. मोटारीतील खडे मात्र सुपात घोळून दिसत नाहीत.

मग ते दिसतात कसे? पहिली गोष्ट, इंजिन थंड असताना पाहावे. आपण येणार म्हणून विक्रेत्याने गाडी आधीच सुरू करून, तापवून ठेवली असेल, तर नम्रपणे उद्या सकाळी येतो म्हणावे. धातू तापला की फुगतो. झिजलेला पिस्टन गरम झाल्यावर सिलिंडरच्या भोकात जरा बरा बसतो, आणि थंडपणी होणारी खडखड नाहीशी होते. रात्रभरात व्हॉल्व्हच्या कडेने झिरपलेले ऑइल पहिल्या क्षणी निळ्या धुराच्या लोटासारखे बाहेर पडते आणि मग कित्येक तास दिसत नाही. उलट, बेअरिंगची झीज गरम इंजिनातच उघडी पडते. ऑइल पातळ झाले की त्याचा दाब उतरतो, आणि गाडी जागच्या जागी चालू असताना दाबाचा काटा खाली लोंबू लागतो. म्हणून एकच इंजिन दोनदा पाहावयाचे : थंड आणि तापलेले. काही चतुर विक्रेते नेहमीपेक्षा दाट ऑइल भरून ठेवतात. त्याने धूर आणि आवाज दोन्ही काही दिवस दबतात. तेवढ्या अवधीत सौदा उरकलेला असतो.

धुराचे रंग ओळखता आले पाहिजेत. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे; जुन्या गाडीत ही बहुधा कार्ब्युरेटरची तक्रार असते आणि ती फारशी महाग नव्हे. थंडीतल्या सकाळी थोडीशी पांढरी वाफ निघाली तर घाबरू नये. परंतु इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी सिलिंडरात शिरत आहे असे समजावे. अशा वेळी हेड गॅस्केट तरी गेलेले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे हेडलाच तडा गेलेला असतो. ऑइल भरण्याचे झाकण काढून आतल्या बाजूस सायीसारखा पांढुरका फेस चिकटला आहे काय ते पाहावे. तो पाणी आणि ऑइल एकत्र आल्याची खूण असू शकतो. तेच झाकण इंजिन चालू असताना सैल केल्यावर भक्कन वारा बाहेर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे. गरम रेडिएटर उघडून तोंड भाजून घेतलेली माणसे प्रत्येक गॅरेजात सापडतात.

या साऱ्या खुणांहून मोलाची अशी एक चाचणी आहे आणि तिला अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही. स्पार्क प्लग काढून त्याच्या जागी दाबमापक लावतात, इंजिन फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब टिपून ठेवतात. जोंगाचे सहा आकडे मिळतील. ते एकमेकांच्या जवळ असावेत. एखादा फारच खाली असेल तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे : आकडा वर चढला तर दोष रिंगांत वा भोकाच्या झिजेत, नाही चढला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवीत असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट फाटले असण्याचा संभव मोठा. ज्या विक्रेत्याला ही चाचणी नको असते, त्याने आपले उत्तर देऊन टाकले असे समजावयास हरकत नाही.

खर्च एवढा का वाढतो, हेही समजून घेतले पाहिजे. गॅस्केट स्वतः स्वस्त असते. पण गाडी तापत असतानाही दामटली गेली असेल तर हेड वाकडे होते, ते यंत्रावर घासून सपाट करावे लागते. क्रँकशाफ्टवर चरे पडले असतील तर तो घासावा लागतो, आणि घासला की नेहमीचे बेअरिंग बसत नाही, जाड मापाचे आणावे लागते. सिलिंडरचे भोक मोठे केले तर पिस्टन आणि रिंगाही त्याच मोठ्या मापाच्या हव्यात. एका कामातून दुसरे काम निघते. जोंगाची मूळ पेट्रोल गाडी घेणाऱ्याची अडचण येथे दुप्पट होते. वाहन कारखान्याने ही गाडी सैन्यासाठी बनविली, बाजारासाठी नव्हे. १९९९ नंतर तिचे उत्पादन थांबले. हा कारखाना आता, ऑक्टोबर २०२१ पासून, आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड या सरकारी कंपनीचा घटक आहे. रांझीत राहणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटते की गाडीचे माहेर दारात आहे, भाग कोठेही मिळतील. प्रत्यक्षात हा दिव्याखालचा अंधार आहे. भाग मिळतात ते बहुधा दुसऱ्या एखाद्या मोडीत निघालेल्या जोंगाच्या पोटातून, आणि तेही कोणत्या मापापर्यंत झिजले आहेत हे मोजल्याशिवाय कळत नाही. ज्या हातांनी ही इंजिने बसविली असे निवृत्त कामगार मात्र या वस्तीत आहेत. गाडी घेण्यापूर्वी त्यांच्यापैकी एखाद्याचा कान पाच मिनिटे मागून घ्यावा, हा रांझीकरांना असलेला खरा फायदा आहे.

या अडचणीमुळे पुष्कळ जोंगांतून मूळचे इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसविलेले असते. मूळ पेट्रोल इंजिनाची भूक पाहता हे समजण्यासारखे आहे. परंतु मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय करता येत नाही. म्हणून इंजिनावर कोरलेला क्रमांक आणि नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांक आपल्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. दलालाने काढून दिलेल्या छायाचित्रावर विसंबू नये.

आता कायद्याकडे वळू. 'त्याला दोष ठाऊक होता आणि त्याने सांगितले नाही, ही फसवणूक नव्हे काय?' असा प्रश्न फसलेला प्रत्येक जण विचारतो. भारतीय करार अधिनियम १८७२ मध्ये कलम १७ खाली याचे उत्तर एका घोड्याच्या रूपाने दिलेले आहे. एक माणूस लिलावात दुसऱ्याला घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढचा दाखला असा : घेणारी ही विकणाऱ्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. आणि त्याच्याही पुढचा दाखला आपण कंठस्थ करावा असा आहे. घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन.' विकणारा गप्प राहतो. येथे त्याचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते.

घोड्याच्या जागी मोटार ठेवा, आणि दीडशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर आजचा होतो. प्रश्न न विचारणाऱ्याला मौनाविरुद्ध दाद मिळणे कठीण. विचारणाऱ्याला तेच मौन पुरावा म्हणून उपयोगी पडते. म्हणून प्रश्न तोंडी विचारून थांबू नये, मोबाइलवर लेखी पाठवावा : इंजिन कधी खोलले होते काय, गाडी कधी तापून बंद पडली होती काय, ऑइल किती खाते, आणि 'आपण काही कळविले नाही तर इंजिन निर्दोष आहे असे समजून मी पैसे देत आहे.' तथापि कलम १९ मध्ये एक मेख आहे. साधी काळजी घेतली असती तर सत्य कळले असते, अशा स्थितीत केवळ मौनाच्या आधारे करार रद्द करून मागता येत नाही. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याचा सूरही तोच : माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसावयास हवा होता त्याबद्दल तक्रार चालत नाही. थंड इंजिन पाहण्याचा आग्रह या दृष्टीनेही कामाचा आहे.

गाडी कोणाकडून घेतली, यावर पुढची वाट ठरते. 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर सरकारी लिलावातून घेतली असेल, तर इंजिनाबद्दल तक्रारीला जागा जवळजवळ राहत नाही; तेथे बोलीची रक्कमच संपूर्ण इंजिन बांधण्याचा खर्च धरून ठरवावी. एखाद्या गृहस्थाने स्वतःची गाडी विकली असेल, तर दिवाणी न्यायालयाचा लांब रस्ता आहे. व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ चा आधार घेता येतो. किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी प्राधिकाऱ्याचे प्राधिकारपत्र घेण्याचा नियम लागू आहे. पैसे देण्यापूर्वी ते दाखवा म्हणण्यात संकोच नसावा.

इतके करूनही दोष निघालाच, तर पहिल्या दिवशी करावयाची गोष्ट म्हणजे गाडी चालविणे थांबविणे. खडखडणाऱ्या इंजिनातून धातूचा कीस ऑइलबरोबर सर्वत्र फिरतो आणि सुधारण्याजोगा भागही नासवितो; शिवाय 'तुम्हीच नंतर बिघडविली' असे म्हणावयास विक्रेत्याला निमित्त मिळते. त्याला लेखी कळवून, बोलावून, त्याच्या समक्ष इंजिन खोलावे. तो न आल्यास तारीखवार छायाचित्रे घ्यावीत. दाबाचे आकडे, ऑइलचा नमुना आणि मिस्त्रीचा सहीशिक्क्याचा अंदाज एकत्र ठेवावा. काढलेल्या जुन्या रिंगा आणि बेअरिंग गॅरेजात सोडून येऊ नयेत, तेथे ते संध्याकाळपर्यंत भंगारवाल्याच्या पोत्यात जातात. घरी आणून कापडात गुंडाळून, वर तारीख लिहून ठेवावेत, आणि आयोगापुढे सुनावणी निघेल तेव्हा बिलांबरोबर तेही न्यावेत.